चहातील संयुगे आणि कर्करोग प्रतिबंध : डॉ. चुंग यांग यांच्या संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी ग्रीन टीचा डबा घेऊन येते. त्यामागे आपुलकी असते आणि ती समजूत अगदीच निराधार असते असेही नाही, कारण चहाच्या पानातील काही संयुगांमुळे प्राण्यांमध्ये गाठी कमी होतात असे गेल्या चार दशकांत अनेक प्रयोगशाळांना दिसून आले आहे. माणसाच्या बाबतीत यातले किती खरे ठरते, हा मात्र वेगळा आणि बराच अवघड प्रश्न आहे. त्याचा पिच्छा चिकाटीने पुरवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या रटगर्स विद्यापीठातील डॉ. चुंग एस. यांग यांचे नाव आघाडीवर घ्यावे लागते. त्यांचे संशोधन केंद्रस्थानी ठेवून आणि गरज पडेल तिथे इतरांच्या कामाचा आधार घेऊन पुढील उत्तरे लिहिली आहेत.

१. डॉ. यांग मुळात चहाकडे कसे वळले?

त्यांच्या कामाची सुरुवात चहापासून झाली नव्हती. १९६७ साली कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले यांग जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून दोन प्रश्नांवर काम करत होते. पहिला प्रश्न चीनमधील अन्ननलिकेच्या कर्करोगाचा होता. हेनान प्रांतातील लिनशियान परिसरात या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांइतके होते, आणि तिथल्या संशोधनाचा यांग यांनी घेतलेला विस्तृत आढावा १९८० साली प्रसिद्ध झाला. दुसरा प्रश्न यकृतातील विकरांचा, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा, होता. नायट्रोसामाइन नावाची रसायने तंबाखूत आणि काही खारवलेल्या पदार्थांत आढळतात. ती शरीरात गेल्यावर आपलीच काही विकरे त्यांचे रूपांतर अधिक घातक स्वरूपात करतात आणि मग त्यांच्यामुळे पेशीतील डीएनएला इजा होते.

कर्करोग कशामुळे होतो याचा इतका बारकाईने अभ्यास करणाऱ्याला, तो होण्याआधी कुठे अडवता येईल, हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या गटाने चहाचा अर्क आणि त्यातील शुद्ध संयुगे उंदरांना देऊन पाहण्यास सुरुवात केली. १९९३ साली झी युआन वांग यांच्यासह त्यांनी लिहिलेला चहा आणि कर्करोग या विषयावरील आढावा पुढे या क्षेत्रात सतत संदर्भासाठी वापरला गेला. त्या लेखात आणि २००९ च्या आढाव्यात त्यांनी प्राण्यांमधील पुरावा आणि माणसांमधील पुरावा वेगवेगळे मांडले आहेत, एकाची ताकद दुसऱ्याला उसनी दिलेली नाही. माझ्या मते या शिस्तीसाठीच त्यांचे लेखन वाचावे.

२. चहाच्या पानात नेमके असते तरी काय?

ग्रीन टी असो, काळा चहा असो की ऊलाँग, सगळे एकाच झाडापासून होतात आणि त्या झाडाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस असे आहे. ताज्या पानात कॅटेचिन या वर्गातील पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींत आढळणारी एक प्रकारची संयुगे, मोठ्या प्रमाणात असतात. त्यांतील मुख्य चार म्हणजे एपिकॅटेचिन, एपिगॅलोकॅटेचिन, एपिकॅटेचिन गॅलेट आणि एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. शेवटच्या नावाचे संक्षिप्त रूप ईजीसीजी असे आहे. ग्रीन टीमध्ये सर्वाधिक असणारे कॅटेचिन हेच आणि बहुतांश संशोधनही याच्यावरच झालेले आहे.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रीन टीमधून कॅटेचिन प्रथम वेगळे काढण्याचे श्रेय जपानच्या मिचियो त्सुजिमुरा यांना जाते. त्यांनी ते काम १९२९ साली केले, आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या महिला ठरल्या. आज ग्रीन टीच्या अनेक पाकिटांवर कॅटेचिनचा उल्लेख असतो, पण त्सुजिमुरांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

प्रमाणाबद्दल बोलायचे तर, २५० मिलिलिटर गरम पाण्यात अडीच ग्रॅम ग्रीन टी घातला, तर पाण्यात साधारण ६२० ते ८८० मिलिग्रॅम द्रव्य उतरते. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कॅटेचिनचा असतो आणि ३ ते ६ टक्के कॅफिनचा.

३. आपण पितो त्या उकळलेल्या, दूध घातलेल्या चहात ही संयुगे असतात का?

असतात, पण त्यांचे रूप पालटलेले असते. महाराष्ट्रात घरोघरी आणि टपऱ्यांवर वापरली जाते ती बहुतेक सीटीसी चहा पावडर. या पद्धतीत कोमेजलेले पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून काढले जाते. पानाच्या पेशी फुटल्या की आतली विकरे आणि कॅटेचिन हवेच्या सान्निध्यात एकत्र येतात, आणि कॅटेचिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन थिआफ्लेविन व थिआरुबिजिन तयार होतात. चहाचा लालसर तपकिरी रंग आणि त्याचा कडकपणा या संयुगांमुळे येतो. ग्रीन टीचे पान मात्र खुडल्यानंतर लगेच वाफवले किंवा भाजले जाते. त्यामुळे विकरे निकामी होतात आणि कॅटेचिन मूळ रूपात टिकून राहतात. काळ्या चहातून उतरणाऱ्या द्रव्यात कॅटेचिनचा वाटा साधारण ३ ते १० टक्क्यांवर येतो.

याचा अर्थ काळा चहा कुचकामी आहे असा होत नाही. काळ्या चहातील या मोठ्या, जोडलेल्या रेणूंवर जगात तुलनेने कमी काम झाले आहे, आणि जे झाले त्यातले मोलाचे काम नवी मुंबईत खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थेत झाले आहे. डॉ. गिरीश मारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या चहातील बहुवारिक, म्हणजे अनेक रेणू जोडून बनलेले, पॉलिफिनॉल वेगळे करून उंदरांवर तपासले. त्वचेवर गाठी वाढवणाऱ्या रसायनाचा परिणाम या पॉलिफिनॉलमुळे कमी होतो असे या गटाला आढळले. पुढे त्याच संस्थेत झालेल्या प्रयोगात, तंबाखूतील एनएनके आणि धुरातील बेंझोपायरीन या रसायनांनी उंदरांच्या फुप्फुसात होणारे कर्करोगही या पॉलिफिनॉलमुळे कमी झाले. ज्या देशात काळा चहा प्यायला जातो आणि तंबाखूजन्य कर्करोगाने माणसे मरतात, त्या देशातील शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला, याचे महत्त्व मला फार वाटते.

दुधाबद्दल नेहमी विचारले जाते. दुधातील केसीन हे प्रथिन कॅटेचिनला चिकटते, म्हणून दूध घातले की सगळे वाया जाते, असा समज आहे. १९९८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी स्वयंसेवकांना दुधासह आणि दुधाविना चहा देऊन त्यांचे रक्त तपासले, तेव्हा रक्तात पोहोचलेल्या कॅटेचिनमध्ये दुधामुळे फरक पडलेला दिसला नाही. रक्तवाहिन्यांवरील परिणाम मोजणाऱ्या एका जर्मन प्रयोगाचा निष्कर्ष मात्र दुधाच्या विरोधात गेला होता. कर्करोगाच्या संदर्भात दूध घालावे की घालू नये, हे सांगण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

४. प्राण्यांवरील प्रयोगांत काय दिसले?

या मालिकेची सुरुवात जपानमध्ये झाली असे म्हणता येईल. हिरोता फुजिकी यांच्या गटाने १९८७ साली दाखवले की उंदराच्या त्वचेवर ईजीसीजी लावल्यास, गाठ वाढवणाऱ्या रसायनाचा परिणाम रोखला जातो. त्यानंतर त्वचा, फुप्फुस, अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, प्रोस्टेट अशा अनेक अवयवांत हा परिणाम तपासला गेला. यांग यांच्या प्रयोगशाळेने मुख्यतः फुप्फुस आणि आतड्यांवर लक्ष दिले. उंदरांना पाण्याऐवजी चहाचा अर्क प्यायला दिला आणि नायट्रोसामाइनने गाठी निर्माण केल्या, तर गाठींची संख्या कमी राहिली.

रटगर्समध्येच ॲलन कॉनी नावाचे आणखी एक मोठे शास्त्रज्ञ होते. अतिनील किरणांमुळे उंदरांच्या त्वचेवर होणाऱ्या गाठींवर त्यांच्या गटाने चहा तपासला. चहातून कॅफिन काढून टाकले तर त्याचा संरक्षक परिणाम घटत होता आणि कॅफिन परत मिसळल्यावर तो परतत होता. सगळे श्रेय कॅटेचिनला देऊन मोकळे होणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवायला हवा.

५. ‘चहात अँटिऑक्सिडंट असतात म्हणून तो कर्करोग रोखतो’ हे विधान बरोबर आहे का?

जाहिरातींमध्ये हे वाक्य सर्रास दिसते, पण यांग यांच्या कामानंतर ते इतक्या सरळपणे म्हणता येत नाही. परीक्षानळीत कॅटेचिन हे उत्तम अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण थोपवणारे पदार्थ, असतात हे खरेच आहे. परंतु त्यांच्या गटाला असे आढळले की पेशी वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावणात ईजीसीजी टाकले की ते फार काळ टिकत नाही. काही द्रावणांत अर्ध्या तासाच्या आत निम्म्याहून अधिक ईजीसीजी नष्ट होते, आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे जिथे ते ऑक्सिडीकरण थोपवेल अशी अपेक्षा होती, तिथे ते स्वतःच ऑक्सिडीकरण पावून पेशींवर ताण आणत होते. कर्कपेशी मेल्याचे जे अनेक निष्कर्ष छापून आले, त्यांपैकी काहींमध्ये पेशी ईजीसीजीने मेल्या की या पेरॉक्साइडने, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

ईजीसीजीचा रेणू पेशीतील अनेक प्रथिनांना चिकटू शकतो. जपानच्या क्युशू विद्यापीठातील हिरोफुमी ताचिबाना यांच्या गटाने २००४ साली पेशीच्या आवरणावरील लॅमिनिन ग्राही या प्रथिनाशी त्याचे असे नाते दाखवले. वाढीचे संदेश वाहणारी प्रथिने, पेशीचा नियोजित मृत्यू घडवणारी यंत्रणा, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची वाढ, असे अनेक मार्ग सुचवले गेले आहेत. प्रत्येक मार्गाबाबत यांग विचारतात ते एकच : हे ज्या मात्रेला घडले, ती मात्रा जिवंत शरीरात कधी पोहोचते का?

६. मग ती मात्रा शरीरात पोहोचते का?

सगळ्या चर्चेत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याच प्रश्नावर यांग यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. पेशींवरील प्रयोगांत बहुधा २० ते १०० मायक्रोमोलर (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) इतके ईजीसीजी वापरले जाते. माणसाने दोन-तीन कप ग्रीन टी प्यायल्यावर रक्तात ईजीसीजीची सर्वाधिक पातळी ०.२ ते ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास जाते, आणि एकापर्यंतही ती सहसा पोहोचत नाही. पेशींना प्रयोगशाळेतील बशीत मिळालेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा शंभर पटीने किंवा त्याहूनही अधिक पटीने कमी आहे. शिवाय ती टिकत नाही, साधारण साडेतीन तासांत रक्तातील ईजीसीजी निम्म्यावर येते.

असे होण्याची कारणे कळली आहेत. हा रेणू मोठा असल्यामुळे आतड्याच्या भिंतीतून सहज आत जात नाही, आणि जेवढा जातो त्यातला काही भाग पेशी पुन्हा बाहेर ढकलतात. यकृत आणि आतडी त्याला मिथिल, सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड गट जोडून विसर्जनासाठी तयार करतात. मोठ्या आतड्यात उरलेल्या भागाचे जिवाणू तुकडे करतात. त्या तुकड्यांपैकी व्हॅलेरोलॅक्टोन नावाचे पदार्थ पुढे रक्तात आणि लघवीत आढळतात, आणि त्यांचा स्वतःचा काही परिणाम असेल का, याचाही अभ्यास यांग यांच्या गटाने केला आहे.

तोंडाची गोष्ट मात्र निराळी आहे. १९९९ साली याच गटाने स्वयंसेवकांना चहा प्यायला देऊन आणि काही मिनिटे तोंडात धरायला सांगून त्यांची लाळ तपासली, तेव्हा लाळेतील कॅटेचिनची पातळी रक्तातील पातळीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरली. म्हणजे जिथे चहाचा थेट स्पर्श होतो, अशा तोंड, अन्ननलिका आणि आतडी या अवयवांत परिणाम दिसण्याची शक्यता अधिक आहे, आणि जिथे फक्त रक्तावाटे तो पोहोचतो, अशा स्तन किंवा प्रोस्टेटसारख्या अवयवांत ती कमी आहे. मला हा तर्क पटतो.

७. चहाच्या संयुगांपासून तयार झालेले मान्यताप्राप्त औषध आहे का?

एक आहे, पण ते कर्करोगाचे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली ग्रीन टीच्या कॅटेचिनपासून बनवलेल्या मलमाला जननेंद्रियावरील चामखिळींसाठी मान्यता दिली. ते मलम थेट त्वचेवर लावायचे असते, त्यामुळे आतडी आणि यकृताचा अडथळा येत नाही.

८. प्रत्यक्ष माणसांच्या पाहणीत काय आढळले?

इथे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते न जुळण्याची कारणे समजून घ्यावी लागतात. जपानमधील सायतामा प्रांतात चाळिशीवरील ८,५५२ लोकांची दहा वर्षे नोंद ठेवण्यात आली. दिवसाला दहा किंवा त्याहून अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये कर्करोग झालाच तर तो उशिरा झाला. हा उशीर स्त्रियांमध्ये सुमारे सात वर्षांचा आणि पुरुषांमध्ये सुमारे तीन वर्षांचा होता. जपानी कप लहान असतात, हे दहा कपांचा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.

त्याच देशातील मियागी प्रांतात २६,३११ लोकांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जठराच्या कर्करोगाच्या ४१९ रुग्णांची नोंद झाली आणि ग्रीन टीचा या रोगाशी काहीच संबंध आढळला नाही. पुढे ओसाकी येथील ४०,५३० प्रौढांच्या अभ्यासात, अधिक ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, पण कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांवरील काळ्या चहाच्या अभ्यासातही चित्र साधारण असेच होते.

अशा पाहण्यांमधील मोठा दोष असा की चहा किती पितो हे माणूस स्वतः सांगतो, आणि चहा पिणारे व न पिणारे इतर अनेक बाबतींत वेगळे असतात. चीनमध्ये अधिक चहा पिणारे पुरुष बहुधा धूम्रपानही अधिक करतात. म्हणूनच शांघायमधील एका अभ्यासाचे मला विशेष मोल वाटते. त्यात १९८६ ते १९८९ दरम्यान १८,२४४ पुरुषांची नोंदणी झाली, त्यांच्या लघवीचे नमुने जपून ठेवले गेले, आणि नंतर ज्यांना कर्करोग झाला त्यांच्या नमुन्यांत चहाच्या संयुगांचे अंश शोधले गेले. या कामात यांग यांच्या गटाचा सहभाग होता. धूम्रपान, मद्यपान आणि जठरातील हेलिकोबॅक्टर जिवाणूचा संसर्ग यांचा हिशेब केल्यानंतरही, ज्यांच्या लघवीत एपिगॅलोकॅटेचिन सापडले त्यांच्यात जठराच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ निम्मा आढळला. हा लाभ मुख्यतः रक्तात कॅरोटीन कमी असलेल्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्या आहारात फळे-भाज्या बेताच्याच असाव्यात अशांमध्ये, दिसला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली सर्व पुरावा तपासून, ग्रीन टीमुळे स्तन किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका कमी होण्याची शक्यता फार कमी आहे, असा निर्णय दिला. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली १४२ अभ्यासांचा आढावा घेतला आणि पुरावा विसंगत असल्याचेच सांगितले.

९. माणसांना अर्काच्या गोळ्या देऊन चाचण्या झाल्या आहेत का?

झाल्या आहेत. २००६ साली इटलीमध्ये प्रोस्टेटमध्ये कर्करोगपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर दररोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. कॅटेचिन घेणाऱ्या ३० जणांपैकी एकाला आणि दुसऱ्या गटातील ३० पैकी ९ जणांना कर्करोग झाला. या निकालाने साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. २०१५ साली अमेरिकेत ९७ पुरुषांवर अशीच चाचणी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात कर्करोगाच्या प्रमाणात दोन गटांमधला फरक लक्षणीय ठरला नाही. लहान चाचणीतील चांगला निकाल मोठ्या चाचणीत टिकेलच असे नसते, याचा हा ठसठशीत नमुना आहे.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत जपानमधील १३६ रुग्णांच्या चाचणीचा उल्लेख करायला हवा. या रुग्णांच्या आतड्यातील ॲडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी, आधीच काढलेल्या होत्या. वर्षभर दररोज दीड ग्रॅम ग्रीन टी अर्क घेणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांमध्ये, तर न घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांमध्ये नव्या गाठी आढळल्या. सहाव्या प्रश्नात आलेल्या तर्काशी हा निकाल जुळतो, कारण आतड्याला चहाचा थेट स्पर्श होतो. अर्थात ती प्राथमिक चाचणीच होती.

आपल्याकडील वाचकांना तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांची चाचणी जवळची वाटेल, कारण तंबाखू, मावा, गुटखा आणि मिश्रीमुळे असे चट्टे महाराष्ट्रात नित्य दिसतात. १९९९ साली बीजिंगमधील ५९ रुग्णांच्या चाचणीत चहाच्या अर्काचे आणि संयुगांचे मिश्रण पोटातून आणि चट्ट्यावर लावूनही दिले गेले, आणि ३७.९ टक्के रुग्णांचे चट्टे लहान झाले. तुलनेसाठीच्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. २००९ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील चाचणीत अर्काच्या मोठ्या मात्रांनी सुमारे ५९ टक्के रुग्णांचे चट्टे सुधारले, औषधाविना गोळी घेणाऱ्यांत १८ टक्के. तरीही पुढे कर्करोग होण्याच्या बाबतीत गटांमध्ये फरक दिसला नाही.

१०. तंबाखू खाणाऱ्याने किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्याने चहा प्यायल्यास धोका भरून निघेल का?

नाही. उंदरांवरील निष्कर्षांवरून असा हिशेब कोणी करू नये. तंबाखू सोडण्याने जो धोका कमी होतो, त्याच्या जवळपास जाईल असा चहाचा कोणताही परिणाम माणसात दिसलेला नाही.

११. ग्रीन टीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

माझे उत्तर स्पष्ट आहे : डॉक्टरांच्या देखरेखीखालील चाचणीचा भाग नसेल तर घेऊ नयेत. कपभर चहा आणि अर्काची कॅप्सूल यांत मोठा फरक आहे. कॅप्सूलमधून एकाच वेळी मोठी मात्रा पोटात जाते, आणि ती उपाशीपोटी घेतली तर रक्तातील पातळी आणखी वाढते.

यांग यांच्याच प्रयोगशाळेने २०१० साली दाखवले की उंदराला दर किलो वजनामागे १,५०० मिलिग्रॅम ईजीसीजी एकाच वेळी दिले, तर यकृताच्या इजेची खूण असलेले एएलटी हे विकर रक्तात १३८ पट वाढते आणि बहुतेक उंदीर दगावतात. ज्या रेणूच्या गुणांवर आपली कारकीर्द उभी आहे, त्याच रेणूचा विषारीपणा स्वतः मोजून प्रसिद्ध करणे हे प्रामाणिक विज्ञान आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या १,०७५ स्त्रिया सहभागी होत्या. त्यांपैकी निम्म्यांना वर्षभर दररोज सुमारे ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क दिला गेला. स्तनांच्या घनतेत, जी कर्करोगाच्या धोक्याची खूण मानली जाते, एकंदरीत फरक पडला नाही. उलट अर्क घेणाऱ्या शंभरातील पाचेक स्त्रियांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरात एकाहून कमी होते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवले की पूरक गोळ्यांतून दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरे वाढतात. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघाने गोळ्यांच्या दैनंदिन मात्रेवर त्याखालची मर्यादा घातली. नेहमीच्या पद्धतीने पाण्यात केलेला चहा याच प्राधिकरणाने सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला आहे.

ज्यांना तरीही गोळीचा मोह होतो, त्यांनी बीटा कॅरोटीनचा इतिहास आठवावा. भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, आणि १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला होता.

१२. चहा खूप गरम पिण्याने कर्करोग होतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेयांना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले, आणि हा धोका अन्ननलिकेच्या कर्करोगाचा आहे. इथे दोष तापमानाचा आहे. वारंवार भाजल्याने अन्ननलिकेचे अस्तर दुखावते.

याचा उत्तम पुरावा इराणच्या गोलेस्तान प्रांतातून आला. तिथे लोक काळा चहा फार गरम पितात आणि हा कर्करोगही तिथे मोठ्या प्रमाणात आहे. संशोधकांनी लोकांना नुसते विचारले नाही, तर त्यांच्यासमोर चहा ओतून, ते तो कोणत्या तापमानाला पितात हे थर्मामीटरने मोजले. ५०,०४५ लोकांच्या या अभ्यासात २०१७ पर्यंत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे ३१७ रुग्ण आढळले. ६० अंश किंवा अधिक गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरहून जास्त पिणाऱ्यांत धोका, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, ९० टक्के अधिक होता.

आपल्याकडे आजी-आजोबा चहा बशीत ओतून, फुंकर घालून पीत असत. पसरट बशीत चहा झपाट्याने निवतो. ती सवय मोडू नये असे मला मनापासून वाटते.

१३. मग दिवसाला किती चहा प्यावा?

कर्करोग टाळण्यासाठी अमुक इतके कप, असा आकडा देण्याइतका पुरावा नाही, आणि जो असा आकडा देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आवडतो म्हणून, थोडा निवू देऊन, साखर बेताची घालून प्यावा. रक्तात लोह कमी असलेल्यांनी जेवणासोबत चहा टाळावा, कारण चहातील पॉलिफिनॉल भाजी-धान्यातील लोहाला बांधून ठेवतात. घरातील स्त्रियांना आणि मुलींना हे आवर्जून सांगावे.

१४. कर्करोगाचे उपचार चालू असताना ग्रीन टी किंवा त्याचा अर्क घेतला तर चालेल का?

डॉक्टरांना न विचारता अर्क मुळीच घेऊ नये. २००९ साली अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी बोर्टेझोमिब या औषधासोबत ईजीसीजी तपासले. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी हे औषध दिले जाते आणि भारतातही ते वापरात आहे. दोन्ही मिळून परिणाम वाढेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ईजीसीजीचा रेणू औषधातील बोरॉनयुक्त भागाला चिकटला आणि पेशींमध्ये व उंदरांमध्ये औषध निष्प्रभ झाले. रक्तदाबावरील नॅडोलॉल या औषधाचे शोषणही ग्रीन टीमुळे बरेच घटते, हे निरोगी स्वयंसेवकांवर दिसून आले आहे.

त्यामुळे केमोथेरपीसाठी जाताना रुग्णाच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या यादीखाली चहा, काढे, चूर्णे आणि कॅप्सूल यांचीही नोंद करावी. कोणी प्रेमाने आणून दिलेला ग्रीन टीचा डबाही त्या नोंदीत असावा आणि तो घ्यावा की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.